बुद्धिबळाच्या पटावर एकूण पोझिशन किती होतात? चौथीतल्या पोरीला उत्तर द्यायचंय

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

मी रविवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये पोरांना बुद्धिबळ शिकवतो, क्लास म्हणण्याइतकं काही नाही, चार पट आहेत आणि गल्लीतली दहा-बारा पोरं येतात, फी वगैरे घेत नाही. गेल्या रविवारी पाऊस असा होता की पाचच पोरं आली आणि डाव सोडून नुसत्या गप्पाच झाल्या, तेवढ्यात एका चौथीतल्या पोरीनं विचारलं, काका, पटावर एकूण किती वेगवेगळ्या पोझिशन होऊ शकतात? मी आपलं पटकन सांगून टाकलं, अगं अगणित. तर ती पटाकडं बघत म्हणाली, पण घरं तर चौसष्टच आहेत की, मग अगणित कशी होतील?

तिचं बरोबर होतं हो. घरं मोजकी, मोहरे मोजके, म्हणजे मांडण्यापण मोजक्याच. कितीही मोठा असला तरी आकडा आहे आणि मी वीस वर्षं पोरांना "अगणित" सांगत आलोय ते चुकीचं आहे. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

मी घरी बसून एवढं केलं. एका घरात काय काय असू शकतं? एकतर ते रिकामं, नाहीतर सहा प्रकारचे मोहरे दोन रंगांत म्हणजे बारा, एकूण तेरा शक्यता. अशी चौसष्ट घरं, म्हणजे १३ चा ६४ वा घात, ते होतात साधारण २ वर ७१ शून्यं. पण यात चौसष्टच्या चौसष्ट घरांत राजेच राजे असलेला पटपण धरला गेला, पहिल्या रांगेत प्यादी असलेला पण, त्यामुळं हा आकडा नुसता वरचा पत्रा आहे, खरं घर त्याच्या बरंच खाली असणार.

मग खालून चढून बघितलं. पहिल्या चालीला पांढऱ्याला २० पर्याय, प्याद्यांच्या १६ आणि घोड्यांच्या ४. काळ्याच्या उत्तरानंतर ४००. तिसऱ्या चालीनंतर खेळायच्या वाटा होतात ८९०२ पण पोझिशन होतात फक्त ५३६२, कारण घोडा आधी काढला काय आणि प्यादं आधी ढकललं काय, शेवटी पट तोच दिसतो. हे बघून लई बरं वाटलं, पण असं मोजत पुढं जाणं माझ्याच्यानं होणार नाही.

मला हवंय ते एवढंच की खऱ्या डावातून येऊ शकतील अशा, म्हणजे कायदेशीर पोझिशन किती, आणि पोरांना कळेल असं ते कसं सांगायचं.

पंचगंगा_घाट

सोपंय की दादा, एकावर १२० शून्यं. शॅनन नंबर म्हणतात त्याला, विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त, कुठंपण वाचा.

तांदळाचा_दाणा

ती राजाची गोष्ट आहे ना, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, तोच आकडा असणार.

खडू_आणि_फळा

वरची दोन्ही उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत. दाण्यांचा आकडा २ चा ६४ वा घात उणे १, तो जेमतेम वीस अंकी आहे आणि त्याचा मोहऱ्यांशी काही संबंध नाही, फक्त घरांशी आहे.

आणि १२० शून्यं आहेत ती डावांची, पोझिशनची नव्हेत. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं १९५० च्या लेखात असा हिशेब धरला की पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी चालींची जोडी घेतली तर साधारण हजार पर्याय होतात आणि डाव साधारण ४० जोड्या चालतो. हजाराचा ४० वा घात म्हणजे एकावर १२० शून्यं. धागाकर्त्यांनी स्वतःच दाखवलंय बघा, तीन चालींत वाटा ८९०२ आणि पोझिशन ५३६२. तिथं जो फरक आहे तोच पुढं वाढत वाढत जातो. बिंदू चौकातून महाद्वारापर्यंत जायच्या वाटा ढीगभर निघतील, चौक मात्र तेवढेच राहतात.

त्याच लेखात शॅनननं पोझिशनचा वेगळा अंदाज दिलाय आणि तो मला फार आवडतो म्हणून सविस्तर लिहिते. मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलंय, हे उदाहरण अकरावीला क्रमपर्यायांच्या धड्यात दर वर्षी घ्यायचे.

६४ घरांत ३२ मोहरे ठेवायचे. सगळे वेगळे धरले तर ६४ फॅक्टोरियल भागिले ३२ फॅक्टोरियल (फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार). पण पांढरी आठ प्यादी एकसारखी आहेत, आपसात बदलली तरी पट तोच, म्हणून ८ फॅक्टोरियलनं भागायचं, काळ्यांसाठी परत एकदा. हत्ती, घोडे, उंट यांच्या दोन्ही रंगांच्या मिळून सहा जोड्या, म्हणून २ नं सहा वेळा भागायचं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, ४.६ गुणिले १० चा ४२ वा घात येतो. शॅनननं मोकळेपणानं लिहिलं की साधारण १० चा ४३ वा.

आता यात दोन चुका आहेत आणि त्या उलट्या दिशांना ओढतात. एक म्हणजे यात बत्तीसच्या बत्तीस मोहरे पटावर धरलेत, एकही मारलेला नाही, एकाही प्याद्याची बढती (शेवटच्या रांगेत पोचून वजीर, हत्ती, घोडा किंवा उंट होणं) नाही, म्हणजे लाखो प्रकारच्या पोझिशन सुटल्या. दुसरी म्हणजे प्यादी कुठंही ठेवायची मुभा आहे, राजाला राजा चिकटला तरी चालतंय, म्हणजे खोट्या पोझिशन आत शिरल्या. आणि तरीसुद्धा हा अंदाज आजच्या चांगल्या अंदाजाच्या शंभरेक पटीच्या आतच आहे. पाठकोऱ्या कागदावर मावेल एवढ्या आकडेमोडीत इतकं जवळ जाणं म्हणजे काय असतं ते माझ्या मुलांना सांगताना मला दर वर्षी तेवढाच आनंद व्हायचा.

घड्याळ_दाबा

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो, त्यामुळं माझा मुद्दा आधी पोझिशन म्हणजे काय ते ठरवा हा. नुसतं चित्र म्हणजे पोझिशन नाही. तीन वेळा तीच पोझिशन आली म्हणून बरोबरी मागायला खेळाडू टेबलावर बोलावतो तेव्हा आम्ही मोहरे कुठं आहेत तेवढं बघत नाही. चाल कोणाची आहे, किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचा) हक्क कोणाचा कुठल्या बाजूचा शिल्लक आहे, आणि आत्ता कुठलं प्यादं जाता-जाता मारता येतंय का (दोन घरं उडी घेऊन शेजारी आलेलं प्यादं लगेच पुढच्या चालीत मारणं), हे सगळं सारखं असेल तरच तीच पोझिशन. तोच फोटो पण पांढऱ्याची चाल आणि काळ्याची चाल या दोन वेगळ्या पोझिशन आहेत. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर मोजणी सुरुवातीलाच चुकते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

बाई, शॅननचा हिशेब वहीत करून बघितला, जमला, लई भारी वाटलं. पंच साहेब, तुमचं पटलं पण ते मी मुद्दामच आधी सांगणार नाही, पोरांना स्वतः सापडतंय का बघतो.

माझा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. खोट्या पोझिशन गाळायच्या कशा?

खडू_आणि_फळा

त्यातच खरी गंमत आहे. काही सहज गळतात. पहिल्या किंवा आठव्या रांगेत प्यादं असलं की बाद. दोन राजे शेजारी असले की बाद. ज्याची चाल नाही त्याच्या राजाला शह असला की बाद, कारण आधीच्या चालीत त्यानं राजा शहात सोडला असा त्याचा अर्थ होतो. एका राजाला एकाच वेळी तीन मोहऱ्यांचा शह असला की बाद. हे सगळं पटाकडं बघून कळतं.

अवघड आहेत त्या वेगळ्याच, त्यात पटावर काहीच वावगं दिसत नाही. समजा ३२ मोहरे सगळे जागेवर आहेत आणि पांढऱ्याची दोन प्यादी एकाच उभ्या पट्टीत आहेत. दिसायला अगदी साधी पोझिशन. पण प्यादं पट्टी बदलतं ते फक्त काही मारलं तरच, आणि इथं कोणीच मेलेलं नाही. अशक्य.

किंवा (उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या रांगांना १ ते ८ म्हणतात) पांढऱ्याची ई२ आणि जी२ वरची प्यादी हललेलीच नाहीत, आठही प्यादी पटावर आहेत, आणि पांढऱ्या घरांतला उंट सी४ वर उभा आहे. तो बाहेर आला कुठून? एफ१ वरून त्याला दोनच वाटा होत्या आणि दोन्ही बंद. बढती होऊन आलेला उंट म्हणावा तर एक प्यादं कमी पाहिजे होतं. ही पण अशक्य.

म्हणजे पट आजचा असतो पण त्याची कायदेशीरता कालच्यावर ठरते. प्यादी मागं जात नाहीत म्हणून ती डावाचा इतिहास जपून ठेवतात, आणि तो इतिहास वाचल्याशिवाय पोझिशन खरी की खोटी हे सांगता येत नाही.

बायनरी_पेठ

बाईंनी नेमकं बोट ठेवलं, त्यालाच जोडून एक गोष्ट सांगतो, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

चीन-जपान-कोरियात गो म्हणून खेळ आहे, १९ बाय १९ चा पट, काळ्या-पांढऱ्या गोट्या. त्याच्या कायदेशीर पोझिशनची संख्या २०१६ साली जॉन ट्रॉम्प या माणसानं शेवटच्या अंकापर्यंत बरोब्बर काढली, १७१ अंकी आकडा आहे. आणि बुद्धिबळाचा आकडा त्याच्यापुढं किती छोटा, ४५ अंकी, तरी तो आजपण कोणालाच नेमका माहिती नाही, फक्त अंदाज आहे. मोठा आकडा नेमका आणि छोटा अंदाजे, असं का? कारण गोमध्ये प्रत्येक गटाला श्वास घ्यायला एक मोकळी जागा आहे का एवढं बघितलं की झालं, आत्ताचा पट पुरतो. बुद्धिबळात बाई म्हणाल्या तसं कालचं बघावं लागतं, आणि अब्जावधी पोझिशनचं "काल" एकाच सूत्रात बसवता येत नाही.

मग लोकांनी वरची मर्यादा खाली आणायला सुरुवात केली. व्हिक्टर अ‍ॅलिसनं १९९४ च्या प्रबंधात ५ गुणिले १० चा ५२ वा घात ही मर्यादा दिली. १९९६ साली शिरीष चिंचळकर यांनी ती १.८ गुणिले १० चा ४६ वा घात इथपर्यंत खाली ओढली, एका झटक्यात लाखो पटीनं कमी. आपल्या ओळखीचं आडनाव त्या यादीत बघून फार बरं वाटलं.

पण वरची मर्यादा म्हणजे "यापेक्षा जास्त नाहीत", नेमक्या किती ते नाही. तिथं परत हाच ट्रॉम्प आला. त्यानं आधी सरळ दिसणाऱ्या बऱ्याचशा खोट्या पोझिशन गाळून एक यादी ठरवली, साधारण ८.७ गुणिले १० चा ४५ वा घात एवढ्या मांडण्यांची. यादी कुठं लिहून ठेवलेली नाही, तेवढा कागद पृथ्वीवर नाही, पण प्रोग्राम असा की तुम्ही कुठलापण नंबर सांगा, त्या नंबरची मांडणी तो बनवून देतो. मग त्यातून आंधळेपणानं नंबर उचलायचे, मांडणी काढायची आणि ती खरी की खोटी ते तपासायचं. खरी म्हणायची तर त्या पोझिशनपर्यंत पोचणारा अख्खा डाव रचून दाखवायचा.

फडकरी_करवीर

थांबा थांबा, हे तर आमचंच काम झालं की. ऊस तुटायच्या आधी एकरी किती टन पडणार हे कोण अख्खा फड मोजून सांगतंय? फडात वेगवेगळ्या जागी थोडी थोडी जागा धरायची, तिथले ऊस मोजायचे, चार-पाच तोडून वजन करायचं, सरासरी काढायची आणि चाळीस गुंठ्याला लावायची. फक्त बांधाकडंचा ऊस धरायचा नाही, तिथं उजेड भरपूर म्हणून तो जाड असतो, आणि जिथं पाणी साठतंय तिथलाच पण धरायचा नाही. जागा न बघता धरली तरच अंदाज बरोबर येतो. माझे वडील शितावरून भाताची परीक्षा म्हणायचे ते हेच.

बुद्धिबळातलं मला फार कळत नाही पण एक विचारतो, त्या यादीत बांधाकडंचा ऊस कुठला? म्हणजे नंबर उचलताना एकाच जातीच्या पोझिशन जास्त येत नाहीत हे कशावरून?

बायनरी_पेठ

भावा, काय प्रश्न विचारलास. म्हणूनच तर ती नंबरांची यादी करायचा सगळा खटाटोप आहे. मी किंवा तू हातानं "सहज" मोहरे मांडायला बसलो तर आपण कायम बांधाकडचाच ऊस धरणार, म्हणजे आपल्या डावांसारख्या दिसणाऱ्या पोझिशन. नंबर लावला की प्रत्येक मांडणीला निवडून यायची संधी सारखी.

आणि तसं केल्यावर जे बाहेर येतं ते बघून डोळे विस्फारतात. एका बाजूला दोन-तीन वजीर, जादा घोडे, काळ्या घरांतलेच तीन उंट, असलंच सगळं. कारण बढती झालेल्या मोहऱ्यांचे प्रकार इतके होतात की बाकीचं सगळं त्यापुढं किरकोळ. स्टेफान स्टाइनरबर्गर यांनी २०१५ च्या लेखात दाखवलंय की एकाही प्याद्याची बढती झालेली नाही अशा पोझिशन २ गुणिले १० चा ४० वा घात यापेक्षा कमीच आहेत. म्हणजे आपण जे बुद्धिबळ खेळतो तशी एक पोझिशन असेल तर बढतीवाल्या वीस हजारांहून जास्त.

ट्रॉम्पच्या कामात दहा लाख नमुने काढले आणि शंभरातल्या साधारण पाच-सहाच खऱ्या निघाल्या. ते प्रमाण यादीच्या एकूण आकड्याला लावून अंदाज आला ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात. चूक झालीच तर तिसऱ्या अंकात इकडं-तिकडं.

पंचगंगा_घाट

ओके, १२० वालं माझं चुकलं, मान्य. पण दहा लाख नमुने म्हणजे त्या ४५ अंकी आकड्यापुढं काहीच नाही की. एवढ्याशा नमुन्यावर कसा विश्वास ठेवायचा?

खडू_आणि_फळा

हा प्रश्न दर वर्षी एक तरी मूल विचारायचं आणि तो विचारायलाच पाहिजे. रस्सा नीट ढवळलेला असेल तर मीठ बरोबर आहे का ते एका चमच्यात कळतं, मग पातेलं घरातलं असो की लग्नातलं मोठं डेग. चमचा पातेल्याच्या किती पट लहान आहे याला महत्त्व नाही, ढवळलंय का याला आहे. अंदाजातली चूक नमुने किती घेतले यावर ठरते, एकूण साठा केवढा यावर जवळजवळ नाहीच. दहा लाखांत पन्नास हजारांच्या वर खऱ्या सापडल्या तर चूक टक्क्याच्याही आत येते. फडकरी दादांनी सांगितलेली अट मात्र पाळली पाहिजे, जागा न बघता धरायची.

मिसळ_तिखट

सगळं वाचलं, आवडलं, पण हा आकडा माहिती असून उपयोग काय? खेळ तर त्यानं सुधारत नाही.

बायनरी_पेठ

खेळ सुधारायला नाही, पण मशीनला बुद्धिबळ "पूर्ण" सुटेल का याचं उत्तर यात आहे. एक पोझिशन साठवायला कमीत कमी किती जागा लागते? ४.८ गुणिले १० चा ४४ वा घात म्हणजे १४९ बिट, १९ बाइटमध्ये एक पोझिशन बसते. तो अंदाज बरोबर धरला तर यापेक्षा कमीत सगळ्या बसूच शकत नाहीत.

आणि पटावर सातपर्यंतच मोहरे उरलेत अशा शेवटांची उत्तरं (कोण जिंकणार की बरोबरी) आज पूर्ण काढून झालीत, दोन्ही राजे धरून सात. त्या सव्वाचार कोटी कोटी पोझिशन आहेत, आणि दाबून दाबून भरल्या तरी त्या फायलींना १८ टेराबाइटच्या आसपास जागा लागते. सातवरून बत्तीसवर जायचंय. सेकंदाला एक अब्ज पोझिशन बघणारं मशीन धरलं तरी सगळ्या नुसत्या बघायला एकावर २८ शून्यं एवढी वर्षं, आणि विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. मला तरी हे कळल्यावर पटाकडं बघायची नजर बदलली.

घड्याळ_दाबा

माझ्यासाठी उपयोग वेगळा आहे. स्पर्धेत घड्याळाच्या गडबडीत पोरं बेकायदेशीर चाल करतात आणि मग पट बघून आम्ही शोधतो की गडबड कुठल्या चालीला झाली. वर बाईंनी उंटाचं उदाहरण दिलंय तसंच डोकं लावावं लागतं. मागं जाऊन वाचायची सवय पोरांना लागली तर ती चाली लिहितानासुद्धा जपून लिहितील.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मंडळी, आज रविवार, क्लास झाला, लगेच लिहायला बसलोय.

४५ अंकी आकडा पोरांपुढं टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी फक्त दोन राजे घेतले. एक पांढरा, एक काळा, बाकी पट मोकळा. विचारलं किती मांडण्या? मोठ्या पोरांनी पटकन सांगितलं, पहिल्याला ६४ घरं, दुसऱ्याला ६३, गुणाकार ४०३२. मग एकजण म्हणाला पण राजे शेजारी नाही चालणार. ते कसं वजा करायचं यावर पंधरा मिनिटं भांडण.

तेवढ्यात मी फडकरी दादांचा ऊस काढला. चिठ्ठ्या केल्या, चौसष्ट घरांच्या चौसष्ट, लाडवाच्या डब्यात टाकल्या. डोळे मिटून एक काढायची तो पांढरा राजा, दुसरी काढायची तो काळा, शेजारी आले का बघायचं, चिठ्ठ्या परत टाकायच्या, डबा हलवायचा. शंभर वेळा केलं, पोरं आळीपाळीनं काढत होती आणि चौथीतली ती फळ्यावर रेघा मारत होती. शंभरात ११ वेळा राजे शेजारी आले. म्हणजे ८९ खऱ्या. ४०३२ ला ८९ टक्के लावले, आले साधारण ३५८८.

मग नेमकं मोजलं. पांढरा राजा कोपऱ्यात असेल तर काळ्याला ६० घरं, असे ४ कोपरे. कडेला असेल तर ५८, अशी २४ घरं. आत असेल तर ५५, अशी ३६ घरं. २४० अधिक १३९२ अधिक १९८०, बेरीज ३६१२. फळ्यावर ३५८८ च्या खाली ३६१२ लिहिलं तेव्हा हॉलमध्ये एकदम शांत झालं, आणि मग जो दंगा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

पोरं चपला घालत होती, ती मात्र पटाजवळच उभी. म्हणाली, काका, पण चाल कोणाची ते आपण कुठं धरलं? पांढऱ्याची असली तर वेगळी आणि काळ्याची असली तर वेगळी ना? पंच साहेब, मी यातलं एक अक्षर तिला सांगितलं नव्हतं. तिनंच ३६१२ च्या शेजारी गुणिले २ लिहून ७२२४ केले आणि खडू ठेवून दिला.

पुढच्या रविवारी पांढऱ्याचा एक हत्ती वाढवायचा ठरलाय. ३६१२ गुणिले उरलेली ६२ घरं, २२३९४४ मांडण्या होतात, पण पांढऱ्याची चाल असताना काळ्या राजाला हत्तीचा शह असेल त्या गाळायच्या, आणि मध्ये पांढरा राजा आडवा आला तर शह लागत नाही ते पण बघायचं. बाई, तुम्ही कोल्हापुरातच असाल तर सकाळी नऊला या, फळा मोठा आहे.

खडू_आणि_फळा

येते. खडू माझा घेऊन येते.